देव्हाऱ्यातला तवा

खाडीकाठी एक गाव होतं आणि त्या गावात एक तवा होता. माणसांच्या आधी तव्याची ओळख करून द्यायला हवी, कारण गावात माणसांपेक्षा त्यालाच जास्त मान होता.

तवा बिडाचा होता, म्हणजे ओतीव लोखंडाचा. जाड, जड, दोन कानांचा, मध्ये किंचित खोलगट. गावाच्या धक्क्यावर, जिथे होडी लागते तिथे, एका घराची चूल होती. त्या घरातली थोरली बाई या तव्यावर तांदळाची घावनं घालायची. पातळ, पांढरीशुभ्र, जाळीदार. होडीची वाट बघणारी माणसं केळीच्या पानावर घावन आणि नारळाचा गोड रस घेऊन बसायची, आणि कधीकधी होडी सुटली तरी उठायची नाहीत. त्या बाईचं खरं नाव गाव विसरून गेलं होतं. सगळे तिला थोरलीच म्हणायचे.

शिमग्यात देवीची पालखी याच धक्क्यावरून होडीत बसून पलीकडच्या वाडीला जायची. होडीत चढण्याआधी ती चुलीपाशी विसावायची. त्या दिवशी नवी चूल मांडायची आणि तिच्यावरचं पहिलं घावन देवीला द्यायचं. ते अख्खं हवं. फाटलेलं, भोक पडलेलं, तुकड्यांचं चालत नसे. हा त्या घराचा मान होता. धक्क्यावर चूल मांडायचा हक्कही त्या मानाबरोबरच घराकडे आला होता.

थोरली वारली. तिची सून द्वारकाबाई चुलीपुढे बसली. पण लगेचच तिने तवा चुलीवरून उतरवला, घरी आणला आणि देव्हाऱ्याशेजारी चौरंगावर ठेवून त्याची पूजा सुरू केली. रोज सकाळी पळीभर पाणी, हळद, कुंकू, वर जास्वंदीचं फूल.

"थोरलीचा हात लागलेला तवा आहे," ती सांगायची. "त्यावर आता कुणी स्वयंपाक करायचा नाही."

गाव हात जोडायचं. म्हाताऱ्या माणसांनी एखाद्या गोष्टीला हात जोडा म्हटलं की बाकीच्यांनी का म्हणून विचारायचं नाही, अशी त्या गावाची रीत होती.

धक्क्यावर मग पत्र्याचा तवा आला. घावनं त्याला चिकटायची. उलथन्याने खरवडून काढली की त्यांचा चिवडा व्हायचा. पालखीच्या दिवशी द्वारकाबाई फाटलेलं घावन पानावर नीट जुळवायची आणि वर ओल्या खोबऱ्याचा कीस पसरून फाटलेलं झाकायची. देवी काही बोलली नाही. होडीची वाट बघणारी माणसं मात्र घरून भाकरी बांधून आणायला लागली.

सारजा या घरात सून म्हणून आली, तेव्हा तवा चौरंगावर बसून सहा वर्षं झाली होती. सारजा खाडीच्या पलीकडची. तिचं तोंड फटकळ होतं आणि डोळे चांगले होते, म्हणजे सासरी अडचणीत आणणारे दोन्ही गुण तिच्यापाशी होते. वर्षभर ती त्या पत्र्याच्या तव्यापुढे बसली, खरवडत राहिली आणि घरी आली की चौरंगावरच्या तव्याकडे बघत राहिली.

पालखीला आठ दिवस उरले होते. दाजी गावकार अंगणात येऊन उभा राहिला. पालखीची सगळी व्यवस्था त्याच्याकडे असायची.

"द्वारकावहिनी, गेल्या साली मी पानावरचं खोबरं जरा बाजूला सारून पाहिलं," तो म्हणाला. "खाली घावनाचे तीन तुकडे होते."

द्वारकाबाईने पदर सारखा केला.

"यंदा पहिलं घावन अख्खं आलं नाही, तर मान खालच्या वाडीला देणार. चूलही तेच मांडतील. मागाहून मला बोल लावू नका."

दाजी गेला. सारजाचा नवरा भिवा होडी चालवायचा. घरात वादळ उठणार हे त्याला वाऱ्यावरून कळायचं. "मी होडीवाला माणूस. पाण्यातलं काय ते मला विचारा," असं म्हणून तो धक्क्याकडे चालता झाला.

सारजा तरातरा देव्हाऱ्यापाशी गेली. तिने तव्यावरचं जास्वंदीचं फूल उचललं आणि खालचं कुंकू अंगठ्याने पुसलं. वरचं कुंकू निघालं. त्याच्या खाली आणखी लाल होतं. ते काही निघेना. तिने अंगठा नाकाशी नेला.

"आई, हे कुंकू नाही. हा गंज आहे."

"तोंड सांभाळ गो. थोरलीचा तवा आहे तो."

"थोरलीचाच आहे. आणि तुम्ही सात वर्षं त्याला रोज आंघोळ घातलीत. लोखंडाला आंघोळ घातल्यावर दुसरं काय होणार?"

"पूजा करते मी!"

"गंजाची करताय."

एवढं बोलून सारजाने दोन्ही कान धरून तवा उचलला. हळदीकुंकवाचा रेंदा तिच्या लुगड्यावर सांडला. "चोरून नेत नाही," ती म्हणाली. "तुमच्या समोरून नेते. यंदा देवीचं घावन याच्यावर होणार."

द्वारकाबाईचा चेहरा त्या तव्यासारखाच लाल झाला. "ने. पण आजपासून मी तुझ्याशी एक अक्षर बोलणार नाही. तुझं तू बघ."

"बरं झालं," सारजा म्हणाली. म्हणताना तिला ते खरंच वाटत होतं.

तिने विहिरीपाशी बैठक मारली. चिंचेचा कोळ तव्यावर थापला, विटेची भुकटी टाकली आणि नारळाचं सोडण घेऊन घासायला लागली. लाल पाणी निघालं, मग तांबूस, मग पुन्हा लाल. दुपार कलली तेव्हा तिचे हात खांद्यातून निखळायला आले होते आणि तळहाताएवढा तुकडा स्वच्छ झाला होता. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. संध्याकाळपर्यंत सगळा तवा राखाडी, कोरडा, उघडावाघडा होऊन समोर पडला.

द्वारकाबाई दोन्ही दिवस पायरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. अबोला तिने कडक पाळला. पण सोडण जरा जोरात फिरलं की तिच्या नाकातून "हं" असा आवाज यायचा. अबोल्यात तेवढं चालतं, असं तिचं मत असावं.

आता तव्याला तेल पाजायचं होतं, म्हणजे तापवून त्याच्यात तेल मुरवायचं होतं. सारजाने विचार केला, बिचारा सात वर्षांचा तहानलेला आहे, हात राखून कशाला द्यायचं? तिने वाटीभर खोबरेल ओतलं आणि अंगणातल्या चुलीत लाकडं कोंबली. जाळ भडकला, घरभर धूर झाला. तवा निवला तेव्हा त्याच्यावर तपकिरी, चिकट थर बसला होता. बोट लावलं की फणसाच्या चिकासारखी तार यायची.

तेल कमी पडलं असावं, असं सारजाला वाटलं. तिने आणखी वाटीभर ओतलं. चीक आणखी जाड झाला. चौथ्या दिवशी तिने त्यावर घावन घालून पाहिलं. ते असं काही बसलं की घावन कुठलं आणि चीक कुठला हे ओळखू येईना.

पायरीवरच्या सुपातले तांदूळ केव्हाच निवडून झाले होते. तरी सूप काही हलत नव्हतं.

सारजाचं डोकं फिरलं. पालखीला चार दिवस उरले होते. तवा चुलीवर धगधगत होता, वर जळकं घावन आणि चीक. सगळं धुऊन काढायचं, पुन्हा पहिल्यापासून घासायचं. तिने विहिरीच्या गार पाण्याची कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि तव्यावर धरली.

"थांब!"

पायरीवर सूप पालथं पडलं. निवडलेले तांदूळ अंगणभर झाले. द्वारकाबाई अनवाणी धावत आली आणि तिने कळशीच्या काठाला हात घातला.

"बीड तडकेल गो! तापलेल्या बिडावर गार पाणी घालतात का? दोन तुकडे होतील त्याचे, दोन!"

कळशी खाली आली. दोघी चुलीच्या दोन बाजूंना धापा टाकत उभ्या राहिल्या. तव्यावरचं जळकं घावन तेवढं चुरचुरत होतं.

सारजाला आधी कळलं की तवा वाचला. मग हळूहळू दुसरी गोष्ट कळली.

"आई, तेलाचंही तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"वाटीभर ओतायचं नसतं?"

"चार थेंब लागतात."

"आणि तुम्ही दोन दिवस तिथं बसून बघत होतात?"

"बघत होते."

"का?"

"तू चुकावंस म्हणून," द्वारकाबाई म्हणाली.

हे तिने अगदी सरळ सांगितलं. द्वारकाबाई खाली बसली आणि मातीतले तांदूळ एकेक करून सुपात वेचायला लागली. वेचता वेचता बोलायला लागली.

"थोरली गेली तेव्हा तेरा दिवस चूल बंद होती. तवा तसाच पडून. चौदाव्या दिवशी मी बसले. धक्क्यावर ही गर्दी. होडी सुटते, लवकर घाला, लवकर घाला. मी तेल न पाजताच पीठ ओतलं. तवा धड तापलाही नव्हता. घावन फाटलं. गर्दीतून कुणीतरी हसलं. म्हणालं, थोरलीचा हात थोरलीबरोबर गेला."

"मग?"

"मग मी तवा चौरंगावर ठेवला. देवाला चुलीवर चढव असं कुणी सांगत नाही."

सारजा जवळ आली. "एका घावनापायी सात वर्षं?"

"एका घावनापायी."

"वीस वर्षं तुम्ही थोरलीच्या शेजारी बसलात. सगळं तुमच्या हातात आहे. मला पहिल्या दिवशी दोन शब्द सांगितले असते तर काय बिघडलं असतं?"

"तू विचारलंस कुठे? तू मला सांगितलंस."

हे मात्र खरं होतं. सारजाला खरं ऐकायची सवय नव्हती, पण ऐकल्यावर ते ओळखता येत होतं. तीही खाली बसली आणि तांदूळ वेचायला लागली.

"बरं," ती म्हणाली. "आता विचारते. काय करू?"

"आधी तो तवा उतरव. आपला आपण निवू दे. फुंकर घालू नकोस."

दुपारी राखेने आणि सोडणाने सगळा चीक काढला. पुसून तवा चुलीवर ठेवला, पाण्याचा अंश उडेपर्यंत. द्वारकाबाईने जुन्या धोतराचा तुकडा सारजाच्या हातात दिला. त्याच्यावर मोजून चार थेंब तेल टाकलं.

"सगळीकडे चोळ. कानांनाही. पाठीलाही. झालं? आता पूस."

"आत्ताच तर लावलं!"

"पूस. लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत पूस."

सारजाने पुसलं. मंद आचेवर तव्यातून बारीक धूर निघाला आणि विरला. तवा उतरवला, निवला, पुन्हा चार थेंब, पुन्हा पुसणं. सारजाला वाटायचं, हे काय मुंगीच्या पावलाने चाललंय. तिने चुलीत एक लाकूड जास्त सारलं की द्वारकाबाई ते निमूट मागे ओढायची. तिसऱ्या खेपेला तवा तपकिरी झाला. सहाव्या खेपेला काळपट. दुसऱ्या दिवशी त्याच्यात काळेपणा मुरला आणि तिसऱ्या दिवशी त्याच्यावर पिकल्या जांभळाची चमक आली. बोट फिरवलं तर कोरडं आणि गुळगुळीत. सारजा येता जाता उगाचच बोट फिरवून बघायची.

पालखीच्या आदल्या दिवशी दोघींनी घावन घालून पाहिलं. पहिलं एका कडेला फाटलं. दुसरं अख्खं आलं.

"उद्या पहिलंच लागणार आहे," सारजा म्हणाली. "दुसऱ्याचा काय उपयोग?"

"पहिलं तू घाईने घातलंस. तवा तयार आहे. तू नव्हतीस."

सारजाने नाक मुरडलं, पण लक्षात ठेवलं.

पालखी आली. ढोल, गुलाल, पोरंबाळं, सगळं गाव धक्क्यावर लोटलं. नवी चूल पेटली. तवा चुलीवर चढला तेव्हा गर्दीत कुजबुज झाली, कारण तो चौरंगावरचाच तवा आहे हे कुणाला पटेना. पहिलं घावन घरातल्या मोठ्या बाईने घालायचं असतं. द्वारकाबाई पाटावर बसली आणि पिठात पळी बुडवली.

"भरती उतरायला लागली!" दाजी गावकार ओरडला. "होडी गाळात बसेल, वहिनी. घाला लवकर!"

"घाला, घाला," मागून चारजण बोलले. कुणीतरी खाकरलं.

धक्का तोच होता आणि घाईही तीच. सारजाने पाहिलं, सासूने पळी भरून घाईघाईने उचलली. पिठाचा एक थेंब चुलीच्या काठावर पडला. पळी तव्याकडे निघाली. सारजाने चटकन बोटं पाण्यात बुडवून तव्यावर शिंतोडा उडवला. थेंब जागच्या जागी फसफसले. तवा अजून पुरता तापला नव्हता.

तिने सासूचं मनगट धरलं. "थांबा, आई." मग ती गर्दीकडे वळली. "दाजी, सात वर्षं फाटकं चाललं ना? मग अख्ख्यासाठी दोन पळं थांबा."

गर्दी हसली. या वेळी हसू दाजीच्या वाट्याला आलं. द्वारकाबाईने मान वर करून पाहिलं आणि पळी पुन्हा पिठात ठेवली.

सारजाने पुन्हा शिंतोडा उडवला. थेंबांचे मोती झाले आणि तव्यावर सैरावैरा नाचून उडून गेले. तव्याला तेल लावायला कांदा घेतात, पण नैवेद्याला तो चालत नाही, म्हणून द्वारकाबाईने नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावरून फिरवली.

"आता," सारजा म्हणाली.

चर्र आवाज झाला. पीठ पसरलं, त्याला जाळी पडली. वर झाकण गेलं. सगळं गाव एका झाकणाकडे बघत होतं. झाकण काढल्यावर सारजाचं उलथनं आपोआप पुढे गेलं. द्वारकाबाईने तिच्या हातावर चापट मारली.

"टोचू नकोस. सुटायचं तेव्हा ते आपण होऊन सुटतं."

दोघी थांबल्या. आधी एक कड उचलली गेली, मग दुसरी. मग सगळं घावन तव्यावर सैल झालं, जसं काही ते कधी चिकटलेलंच नव्हतं. द्वारकाबाईने ते केळीच्या पानावर सरकवलं. खोबऱ्याचा कीस शेजारी तयार होता. तिने तो घेतला नाही.

दाजीने पान उचललं. घावन वरून पाहिलं, खालून पाहिलं, उन्हासमोर धरलं. जाळीतून ऊन त्याच्या नाकावर पडलं.

"अख्खं आहे," तो म्हणाला. पण गावकारच तो, एवढ्यावर कसा थांबेल? "पण वहिनी, पूजेतला तवा असा चुलीवर आणलात. देवीला चालेल का?"

"देवीने पूजा मागितली नव्हती, दाजी," द्वारकाबाई म्हणाली. "घावन मागितलं होतं."

मान घरातच राहिला. पालखी होडीत चढली, भिवाने वल्हं पाण्यात घातलं. द्वारकाबाईने पळी सारजाच्या हातात दिली आणि पाटावरून उठली. "पुढचं तू घाल. लोक भुकेले आहेत."

तवा पुन्हा देव्हाऱ्यात गेला नाही. काम संपलं की सारजा तो पुसते, चार थेंब तेल लावते, तेही पुसून काढते आणि चुलीशेजारच्या खुंटीला अडकवते. चौरंग दोन दिवस रिकामा होता. तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई तो उचलून धक्क्यावर घेऊन आली, चुलीशेजारी मांडला आणि त्याच्यावर स्वतः बसली. तिथून ती दिवसभर सांगत असते. जाळ कमी कर. पीठ पातळ झालं. शेंडी फिरव. थांब, थांब, थांब. तिचं तोंड आता बंद होत नाही. सारजा वैतागते, फाडकन उत्तर देते, आणि उत्तर देता देता सांगितलं तसंच करते. भिवाची होडी मात्र अर्धी रिकामी सुटते. घावन खात बसलेली माणसं उठतच नाहीत.

तात्पर्य: ज्याचा मान राखायचा ते वापरात ठेवावं, आणि आपल्याला जे येतं ते पुढच्या पिढीला वेळेवर सांगावं. चौरंगावर बसवलेला तवा आणि पोटात दडवलेली विद्या, दोन्हींवर गंज चढतो, आणि लोक त्यालाच कुंकू समजून हात जोडत राहतात.